तिकडे अजून शनिवार होता

माझा भाऊ शनिवारी डोंगरावरून पडला. मस्कतमध्ये तेव्हा रविवार होता.

तो जहाजावर इंजिनीअर होता. पॅसिफिकमधल्या एका बेटावर जहाज दुरुस्तीसाठी थांबलं होतं. बेटाच्या मधोमध एक विझलेला ज्वालामुखी होता. त्याने फोटो पाठवला. डोंगर शेंड्यापर्यंत हिरवा होता, कडा भिंतीसारखा सरळ. मी लगेच फोन केला.

"ताई, दगड आपल्या कोकणातल्यासारखाच, काळा. शनिवारी चढतो. अंधाराच्या आत उतरून फोन करतो."

"ज्वालामुखी आहे ना रे तो?"

"मेलेला आहे. तुझ्या पुस्तकांत बघ."

मी बघितलं. माणसाच्या आठवणीत तो कधी जागा झालेला नव्हता. चिखलाविषयी पुस्तकात काही नव्हतं.

शनिवारी मला सुट्टी. मस्कतला वादी अदाईच्या घरात मी आणि आई दिवसभर फोनजवळ बसलो. खिडकीसमोरच्या उघड्या डोंगराकडेही मला बघवेना. संध्याकाळी भावाच्या जहाजावरच्या सोबत्याला फोन लावला. तो रत्नागिरीचा, पहाटेच्या पाळीवर होता.

"ताई, इकडे आत्ता कुठे चार वाजतायत पहाटेचे. तुमचा भाऊ घोरतोय. चढायच्या आधीच उतरवताय होय त्याला?"

मागे कुणीतरी हसलं. मीही हसले, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी कुरुमला ऑफिसात गेले. फोन आला नव्हता. तिकडे अजून शनिवार आहे, असं मी स्वतःला सांगत राहिले. दहा वाजता कागदावर चौदा तास वजा केले. तिकडे रात्रीचे आठ वाजले होते, म्हणजे अंधार पडून गेला होता. तरी फोन लावला नाही. पुन्हा हसतील, असं वाटलं. लावला तो दोन वाजता.

"आम्हाला वाटलं, उतरून तुमच्याशी बोलला आणि पायथ्याच्या गावातच राहिला," सोबती म्हणाला.

तिकडे उजाडल्यावर भाऊ नेच्यांमध्ये, ओल्या उताराच्या पायथ्याशी सापडला. पडल्यावर तो काही तास जिवंत असावा, असं तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं.

आईला श्राद्धासाठी तिथी हवी होती. गावच्या गुरुजींनी फोनवर विचारलं, तिथे वार कोणता, इथे कोणता, वेळ काय. मी सगळं मांडून सांगितलं. आई शेजारी बसून ऐकत होती.

"तो उतरला नाही, हे तुला कधी कळलं गं?" तिने विचारलं.

"दुपारी," मी म्हणाले.

आता घरात आम्ही दोघी आहोत. दहा ते दोनबद्दल मी आईला सांगितलेलं नाही.