डोरा मॅडमच्या गाण्याला मी दिलेल्या टाळ्या

सुरतेला जायचं ठरलं तेव्हा आईचं पहिलं वाक्य होतं, "तिथं प्लेग झाला होता ना?" त्याला आता काही वर्षं उलटली, रस्ते रोज रात्री झाडतात म्हणे, असं मी सांगितलं. नानांनी पेपराचं पान उलटलं. नाना म्हणजे माझे वडील आणि पहिले शिक्षकही. अक्षरं आणि सूर, दोन्ही मी शाळेच्या आधी त्यांच्याकडे शिकले. त्यांची धाकटी बहीण, माझी कुसुमआत्या, सुरतेत हॉटेलात जॅझ गाते. जेवणाऱ्यांसमोर गायचं नाही असा आमच्या घरचा नियम. तो तिने मोडला, तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं बंद आहे.

आत्याने शेजारच्या एसटीडीवर फोन करून मला बोलावलं होतं. तिला जॅझ शिकवणाऱ्या डोरा मॅडम, एकेकाळी मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत गाजलेल्या गायिका, गेल्या पावसाळ्यात वारल्या. त्यांची गाणी शनिवारी ती गाणार होती. "हॉटेलचे शेठ म्हणतात, लोक रमले नाहीत तर पुढच्या आठवड्यापासून जॅझ बंद, कीबोर्डवर सिनेमाची गाणी. समोर आपलं एक माणूस हवं गं."

निघताना नाना एवढंच म्हणाले, "समेवर येते का, तेवढं बघ. आणि खरं सांग." खोटं मला जमत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

नंदुरबारहून सुरतेला पॅसेंजरनेच जा. एसटीपेक्षा स्वस्त पडते आणि पाय पसरता येतात. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. डब्यातली माणसं तिथे चहा मराठीत मागतात आणि पैसे गुजरातीत देतात. चलथाणला साखर कारखान्याचा मळीचा वास खिडकीतून आत येतो. समोरच्या बाकावर धुळ्याकडची एक म्हातारी होती, कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या मुलाकडे निघालेली.

"कथाईन उनी वं माय?" तिने विचारलं.

नंदुरबारहून, म्हटलं. आत्याचं गाणं ऐकायला.

"भजन शे का?"

मी "तसंच" म्हणाले आणि पुढची दोन स्टेशनं त्या उत्तराचा विचार करत बसले.

लूमच्या वस्तीत जायचं असेल तर उधन्याला उतरा. आत्या कतारगामला राहते, म्हणून मी सुरतेपर्यंत गेले. बाहेर शेअर रिक्षा मिळते. भाडं आधी ठरवा. आत्याच्या खोलीखाली हिरे घासायचा कारखाना आहे, त्यामुळे दिवसभर जमिनीतून बारीक घरघर येते. "तानपुऱ्याची सवय होती, आता ही झाली," आत्या म्हणाली.

शनिवारी आठ वाजता आम्ही हॉटेलात. बाहेर पाटी 'नाईट क्लब'ची, पण राज्यात दारूबंदी, म्हणून आत उंच ग्लासांतून कोल्ड कोको. (पिऊन बघाच. घट्ट, थंड, चमच्याने खायचा.) कुटुंबं पंजाबी भाज्या आणि नान मागवत होती. पियानो, ड्रम आणि चमकीची साडी नेसलेली आत्या. मॅडमचं नाव घेताना तिने कानाच्या पाळीला हात लावला, नाना त्यांच्या गुरुजींचं नाव घेताना लावतात तसा. मी माझी प्लेट बाजूला सरकवली. गाणं चालू असताना खायचं नाही, हाही घरचाच नियम.

दुसरं गाणं संथ होतं आणि त्यात आत्या मागे पडू लागली. ठोका पुढे, शब्द मागून. एकदा नाही, दर ओळीला. आमच्याकडे गाणाऱ्याची सम हरवली तर ऐकणाऱ्याने हाताने ताल देऊन त्याला सावरायचं, अशी रीत आहे. मी टाळी दिली. आत्या समेवर आली नाही. मी जरा मोठ्याने दिली.

शेजारच्या टेबलाला वाटलं, टाळ्या वाजवायच्या आहेत. मग त्याच्या पलीकडच्या टेबलाला. सुरतेच्या माणसांना टाळी मिळाली की तिचा गरबा व्हायला वेळ लागत नाही. बघता बघता सगळा हॉल डोरा मॅडमच्या विरहाच्या गाण्यावर तीन टाळ्यांचा गरबा वाजवू लागला. एक काकू तर उठायच्या बेतात होत्या. गल्ल्यापाशी शेठ खुशीत मान हलवत होते. मला पळून जावंसं वाटलं.

आत्याने ड्रमवाल्याकडे पाहिलं. त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. आता ती आवाज चढवेल असं वाटलं, पण तिने तो उतरवला. इतका, की पुढचा शब्द ऐकायचा तर टाळी थांबवायला हवी. समोरची टेबलं आधी थांबली, मग मागची. शेवटी चमचेही. टेबलाखाली माझी बोटं अजून मात्रा मोजत होती. ड्रम नव्हता, टाळी नव्हती, आणि शेवटचा शब्द तिने बरोबर समेवर ठेवला.

कार्यक्रमानंतर शेठ आले. "आजे ताळीओ पडी, कुसुमबेन. जॅझ राखो. पण आ छोकरीने दर शनिवारे आगळ बेसाडजो."

"दर शनिवारी पुढे बसायला? ती नंदुरबारची आहे शेठ, रेल्वेचा पास काढून द्याल का?" आत्या हसत म्हणाली.

सकाळी लोचो, म्हणजे सुरतेचा मऊ, मोकळा ढोकळा, खायला गेलो. (तेल जास्त नको असेल तर आधीच सांगा.) मी माफी मागितली. "मला वाटलं तू हरवलीस."

"हरवले नव्हते गं. मॅडम म्हणायच्या, ठोका पुढे जाऊ दे, तो कुठे पळत नाही." ती लोचोवर शेव पसरत राहिली. "तू मात्र हुबेहूब दादासारखी टाळी देतेस. क्षणभर वाटलं, तोच बसलाय."

मग तापीकाठी पोंक घ्यायला गेलो. पोंक म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव. थंडीतच मिळतो, दुपारपर्यंत संपतो, लवकर जा. आत्याने एक पुडी जास्तीची बांधून घेतली. "दादाला दे. गाण्याचं विचारलं तरच सांग."

घरी पोचले तर नाना झोपाळ्यावर. पुडी उघडून त्यांनी चार दाणे तोंडात टाकले.

"समेवर आली?"

"नाही. दर ओळीला उशिरा आली. मुद्दाम. शेवटच्या शब्दाला ठोकाही नव्हता, तेव्हा नेमकी आली."

नाना मांडीवर ताल धरून बसले. "दाखव." मी उशिरा यायचा प्रयत्न केला, प्रत्येक वेळी माझा शब्द त्यांच्या हाताबरोबरच पडला. अजूनही मला ते जमत नाही. मग ते स्वतः काहीतरी गुणगुणले, त्यांचाही सूर ठोक्यावरच पडला.

"लहानपणीही ती अशीच मागून यायची," ते म्हणाले. "मी चापट मारायचो."

पुडी अर्धी झाली होती. बराच वेळ ते एकेक दाणा वेचून खात होते.

"हा कधीपर्यंत मिळतो तिकडे?"

"थंडी संपेपर्यंत," मी म्हणाले.

"म्हणजे लवकर जायला हवं."