भाऊजींनी कॉम्प्युटरचे डोळे आखले

माझ्या भाऊजींनी डोळे आखले नाहीत अशी वस्तू पेणमध्ये शोधून सापडली नसती. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. गणपतीच्या आधी शेजारच्या जोहे गावातल्या कारखान्यांत मूर्तींचे डोळे आखायचे आणि एरवी दुकानांच्या पाट्या रंगवायच्या, हा त्यांचा धंदा. पण हाताची खोड जाईना. पाटीवरचा पापड गालात हसायचा, पिठाच्या गिरणीला लांबसडक पापण्या असायच्या. न्हाणीतल्या पिंपालाही त्यांनी डोळे आखले, तेव्हापासून ताई त्याच्यावर लुगडं टाकून अंघोळ उरकायची. मूर्तीचे डोळे आखताना मात्र ते अंघोळ करून बसत आणि सगळ्या कारखान्यानं तोंड मिटायचं. "डोळे उघडले का तो बघतो," ते म्हणत. "मग खोटं चालत नाय."

मी तेव्हा रोह्याच्या एका कंपनीत कारकून होतो. कंपनीत पहिला कॉम्प्युटर यायचा होता आणि आमच्या नोकऱ्या जाणार म्हणून युनियननं सभा ठरवली होती. साहेबांनी परदेशी मासिकातली जाहिरात दाखवून भाऊजींना कॅन्टीनच्या भिंतीवर तसंच चित्र काढायला सांगितलं. कपाटाएवढा कॉम्प्युटर, त्याला हातपाय, गळ्यात टाय, आणि कारकुनाच्या खांद्यावर हात टाकून उभा. भाऊजींनी सगळं रंगवलं, डोळे तेवढे बाकी ठेवले आणि साहेबांना विचारलं, ह्याच्यामुळं कुणाची नोकरी जाणार का. साहेब म्हणाले, छे, हा तर मदतनीस. त्या शब्दावर भाऊजी अंघोळ करून आले आणि त्यांनी डोळे आखले. ते इतके मायाळू उतरले की आमचे म्हातारे हेडक्लार्क येताजाता त्याला हात जोडू लागले. युनियनची ठरलेली सभासुद्धा बारगळली.

कॉम्प्युटर आला आणि वर्षाच्या आत आमचं अख्खं खातं बंद झालं. हेडक्लार्कनी अंथरूण धरलं ते पुन्हा उठलेच नाहीत. भाऊजी चुन्याची बादली घेऊन रोह्याला गेले, पण आखलेला डोळा हातानं पुसायचा नाही ही त्यांची रीत. तसेच परत आले. त्या वर्षी जोह्यात बिनडोळ्यांचे गणपती ओळीनं उभे आणि भाऊजी मांडीवर हात ठेवून बसलेले. मी समजूत घातली, नोकऱ्या मशीननं घेतल्या, तुमचा काय दोष.

"मशीनला काय कळतंय," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांकडं बघून तुमी सगळे गप ऱ्हायलात."

ते खरं होतं. पुढं मला नागोठण्यात दुसरी नोकरी लागली. भाऊजी मात्र मरेपर्यंत पाट्यांवर नुसती अक्षरं रंगवत राहिले. साहेबांनी इतक्या मायेच्या हाताला आमची फसवणूक करायला लावली, याचं मला नोकरी गेल्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.