सिगडी दाराबाहेर

मिल बंद पडली तेव्हा आमच्या परदेशीपुऱ्यात, मिल कामगारांच्या वस्तीत, आधी भोंगा गेला, मग पगार गेला, मग कोळसा. भोंग्याचं आणि पगाराचं सगळे बोलतात. कोळशाचं बायकांना विचारा. मिलच्या बॉयलरच्या राखेत अर्धवट जळलेले कोळसे असत. आमच्या बायका ते वेचून आणत आणि त्यावर घरोघरच्या सिगड्या चालत. बॉयलर थंड झाला, तेही संपलं. मग आली भुशाची सिगडी. डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती लाकडाचा भुसा ठोकून भरायचा, बाटली हळूच ओढून काढायची आणि त्या भोकाला खालून जाळ द्यायचा. जळते मस्त. पण पेटताना धूर असा की समोरचा माणूस दिसत नाही.

गल्लीचा रिवाज होता, सिगडी दाराबाहेर पेटवायची, धूर सरला की आत न्यायची. संध्याकाळी दारोदारी सिगड्या आणि बायकांची बडबड. तिकडे बाजारात रंगीत टीव्हीची नवी दुकानं लागत होती, देशाने दारं उघडली म्हणे. माझ्या बायकोने आमचं दार लावून घेतलं आणि सिगडी आतच पेटवायला लागली. खोकून खोकून लाल व्हायची. मी ओरडायचो, "बाहेर ने ना ती बला!"

"बाहेर वारा असतो," ती म्हणायची. वारा काय रोज असतो?

त्याच सुमाराला एक पोरगी आली. पुण्याकडची, खांद्याला थैली, पायात पोरांसारखे बूट. गरिबाच्या घरात काय जळतं, धूर किती होतो, याचा अभ्यास करायचा आणि सरकारपुढे मांडायचा, हे तिचं काम. बायकोने चटई टाकली.

"सरकारी का गं तू?"

"नाही काकू. आमची संस्था स्वतंत्र आहे."

"म्हणजे कुण्या कंपनीची?"

"कंपनीची पण नाही. आम्ही कुणाचेच नाही."

बायकोचा चेहरा उतरला. "अगं बाई! तुमची पण बंद पडली का?"

पोरगी हसून हसून वाकली. पण बायकोने काही गंमत केली नव्हती. त्या दिवसांत आमच्याकडे कुणाचाच नसलेला माणूस म्हणजे कामावरून काढलेला माणूस. तिने पोरीला होते तेवढे पोहे वाढले. माझ्या वाट्याची शेव पण तिकडेच गेली.

खाता खाता पोरीने विचारलं, "काकू, सिगडी बाहेर का नाही पेटवत? छातीला बरं पडेल."

"वारा असतो ना."

मला काही पोटात ठेवता येत नाही. मी बोलून गेलो, "वारा-बिरा काही नाही. बाहेर ठेवली की गल्लीला कळतं, आज कुणाकडे पेटली आणि कुणाकडे नाही. दार लावलं की काही कळत नाही."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की बस. "झालं समाधान? आता चौकात पण सांगून या."

पोरीचा पेन थांबला. "काकू, हे लिहू?"

"लिही. नाव नको टाकू."

म्हणून मी पण इथे कुणाचं नाव टाकत नाही.

काही दिवसांनी पोरगी धूर मोजायचं यंत्र घेऊन परत आली आणि आत सिगडीजवळच बसली. बायकोने दार लावून सिगडी पेटवली. पोरीचे डोळे गळायला लागले, मग खोकल्याची अशी उबळ आली की बोलता येईना. तरी उठेना. "राहू द्या काकू, रोजच्यासारखंच चालू द्या. नाहीतर माप चुकेल."

"चुलीत गेलं तुझं माप!" बायकोने पदराने सिगडीची कडी धरली, ती उचलली आणि धाडकन बाहेर नेऊन ठेवली.

"अहो काकू, माझा अभ्यास!"

"बाहेर बसून कर. दुसऱ्याची लेक मारायची आहे का मला?"

स्वतःच्या छातीसाठी जे तिने कधी केलं नाही, ते पाहुणीसाठी केलं. अशी होती.

गल्ली बघत होती. जरा वेळाने समोरची बाई पण, जिचं दार हल्ली लागलेलंच असायचं, आपली सिगडी घेऊन बाहेर आली. तिचा नवरा मिलमध्ये माझ्याच खात्यात होता. बायकोजवळ बसत म्हणाली, "हमारे यहाँ भी बहुत हवा चलती थी, भाभी." दोघी इतक्या हसल्या की पोरगी यंत्र विसरून बघत राहिली.

तेव्हापासून सिगडी बाहेरच. भुसा नसला त्या दिवशी बायको थंडी सिगडी घेऊन दारात बसायची, आणि कुणीतरी न बोलता तिच्या मांडीवर दोन पोळ्या ठेवून जायचं. दुसऱ्या कुणाची सिगडी थंडी दिसली की ती पण ठेवून यायची.

सरकारपुढे काय मांडलं गेलं, मला माहीत नाही. आमच्याकडे गॅस फार उशिरा आला. खोकला मात्र त्याच्या कितीतरी आधी गेला होता.

मागच्या थंडीत बायको गेली. म्हातारपणाने गेली. श्वास शेवटपर्यंत साफ होता. मी शेजारी बसून ऐकत होतो.