यानकाकांच्या बागेतला पहारेकरी

आधी चहा हातात घ्या. पुढचं ऐकताना तुम्ही माझ्याकडे न बघता कपात बघितलंत, तर तेवढेच उपकार होतील. मी आयुष्यात एकाच सैनिकाला शरण गेलोय, आणि तो एकोणिसाव्या शतकातला होता.

नेदरलँड्समधल्या आल्मेरे गावातली गोष्ट. करोनातला तो जानेवारी, संचारबंदी लागली तो. डच बातम्या मला अर्ध्या कळायच्या, उरलेल्या अर्ध्या आमचा मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप भरून काढायचा. कुणी लिहिलं संचारबंदी नऊपासून, कुणी लिहिलं साडेआठपासून. एकाने तर ‘लष्कर उतरणार, पक्की खबर’ असं टाकून खाली हात जोडल्याची खूण पाठवली. एवढ्या नम्रपणे आलेली खबर खोटी कशी असेल?

मी मुळातच भित्रा. त्यात आमचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज नुकताच गेलेला. एक गुन्हा नोंदला गेला की घर, नोकरी, लेकीची शाळा, सगळं गुंडाळून पुण्याला परत, या धास्तीने माझी झोप उडाली होती. शिवाय भारतातल्या लॉकडाउनमध्ये दूध आणायला बाहेर पडलेल्या माझ्या चुलतभावाला पोलिसांनी भर चौकात कान धरून उठाबशा काढायला लावल्या होत्या. तो व्हिडिओ अख्ख्या खानदानाने पाहिला. तेव्हापासून संचारबंदी म्हटलं की मला तो चौकच दिसायचा.

आणि नेमक्या संचारबंदीच्या पहिल्याच संध्याकाळी मेधा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, यानकाकांचा डबा देऊन ये.

यानकाका आमचे शेजारी. निवृत्त शिक्षक, सत्तरीला टेकलेले. त्यांनी डब्यातून सफरचंदाचा केक पाठवला होता. डबा रिकामा परत करायचा नाही हा आमच्या घरातला कायदा, म्हणून मेधाने त्यात तिळाच्या वड्या भरल्या होत्या. मी म्हटलं, उद्या देतो. ती म्हणाली, आत्ता कुठे सात वाजलेत, जाऊन यायला दोन मिनिटं लागतात. वाद घालण्यापेक्षा लष्कर परवडलं, म्हणून मी निघालो.

आमच्या रांगेतल्या घरांच्या मागे एक अरुंद बोळ आहे, सगळ्या बागांची फाटकं तिथे उघडतात. सहापासूनच मिट्ट काळोख. माझ्याच चपलांचा आवाज ऐकून मी दोनदा मागे वळून पाहिलं. काकांचं फाटक ढकललं आणि तिथेच थिजलो.

बागेत सैनिक उभा होता. लांब निळा कोट, पितळी बटणं, डोळ्यांवर ओढलेली हॅट, नाकावर बांधलेला रुमाल आणि खांद्याला बंदूक. खबर खरी निघाली, एवढंच सुचलं. असला कोट जगातल्या कुठल्याही लष्कराने गेल्या शंभर वर्षांत घातला नसेल, पण भीतीला एवढं बारकाईने बघायची सवय कुठे असते?

"हॉल्ट!" तो ओरडला.

मी डबा गवतावर ठेवला. कान धरले. आणि उठाबशा काढायला लागलो.

कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. वर उठताना "सर, नेबर", खाली बसताना "सर, परमिट", असं माझं चालू होतं. गुडघे कटकट वाजत होते. डोळ्यांसमोर आल्मेरे ते पुणे तिकीट नाचत होतं.

सैनिक एक पाऊल मागे सरकला. रुमालाआडून आवाज आला, "संदीप? तुला बरं वाटत नाहीये का?"

ते यानकाका होते हो!

मग सगळं कळलं. काका आणि त्यांचे मित्र दर उन्हाळ्यात एका कुरणात तंबू ठोकून जुन्या अमेरिकेतल्या सरहद्दीवरचे सैनिक होऊन राहतात. करोनामुळे तळ बंद, म्हणून ज्याने त्याने आपापल्या बागेत पहारा द्यायचा असं ठरलं होतं. बंदूक लाकडाची, काकांनीच तासलेली. ते झाले होते एक एकोणीस वर्षांचा रंगरूट. धाडस करायला म्हणून भरती झालेला, आणि माळावरच्या एकाकी ठाण्यात आजाराला, अंधाराला, गवताच्या सळसळीलाही घाबरणारा.

"तू अंधारातून मास्क न लावता आलास," काका म्हणाले, "तेव्हा मला तो पोरगा पहिल्यांदा नीट कळला. मी फार घाबरलो होतो."

पत्नी गेल्यापासून काका एकटे. गेल्या वर्षभरात त्यांच्या दारी कुणी फिरकलं नव्हतं. मला एकदम भरून आलं. त्यांनी हळूच विचारलं, ते कान धरून तू काय करत होतास? तेव्हा खरं बोलायची लाज वाटली.

"आमच्याकडे सैनिकाला असाच मान देतात," मी म्हणालो.

काकांनी हॅट काढली. शेडच्या खिडकीत ठेवलेल्या फोनमधून टाळ्या ऐकू आल्या. बाकीची अख्खी तुकडी व्हिडिओ कॉलवर होती.

मेधाला मी एवढंच सांगितलं, की डबा पोचला.

करोना ओसरल्यावर काकांनी आम्हाला त्यांच्या तळावर खास पाहुणे म्हणून बोलावलं. कुरणात तंबू, निशाण, निळ्या कोटातली पांढऱ्या केसांची रांग. कॅप्टनने आज्ञा दिली. अख्ख्या तुकडीने बंदुका खाली ठेवल्या, कान धरले आणि गंभीर चेहऱ्याने उठाबशा काढायला सुरुवात केली. एकाला खाली बसल्यावर उठता येईना, तर दोघांनी त्याला उचललं, पण त्याने कान सोडले नाहीत.

मेधाने सावकाश माझ्याकडे मान वळवली. मी दबक्या आवाजात सगळं कबूल केलं. पळून जायचीही सोय नव्हती, तोवर आमचा कायमचा परवाना आला होता.

"मग बघत काय बसलायस?" ती म्हणाली. "आपल्या घरात डबा रिकामा परत करत नाहीत."

मी कान धरले.