स्टेपनीच्या खळग्यातला डबा

हे मी कुणाशीही बोललेले नाही. नवऱ्याशी नाही, मैत्रिणीशी नाही, देवासमोरसुद्धा नाही — तिथं उभी राहिले की तेवढं वगळून बाकीचं बोलते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय बहुतेक. मी तशी तोंडाळ बाई. मनात काही ठेवत नाही, फटकन बोलून मोकळी होते, असं सगळे म्हणतात. म्हणू देत.

गाडीपासून सुरुवात करते. गाडीबद्दल बोलणं सोपं आहे.

इथं जपानमध्ये, त्सुकुबात संशोधनाला आलेला आपला माणूस परत जाताना नव्यानं येणाऱ्याला सायकल, प्रेशर कुकर आणि गाडी देऊन जातो. बाबांच्या वेळीही हेच होतं. लग्न होऊन आई इथं आली, तेव्हा त्यांच्याकडे अशीच कुणाकुणाच्या हातून आलेली जुनी पांढरी गाडी होती. तिच्यातून दोघं समुद्राच्या कडेकडेनं उत्तरेला गेले. एका कोळ्यांच्या गावापाशी इंजिन तापलं, म्हणून वाळूत बसून दशम्या आणि लसणीची चटणी खाल्ली. तोवर बाबा आईला नुसतं ‘अगं’ म्हणायचे. ती पाण्यात जरा पुढे गेली आणि ते घाबरून ओरडले — ‘सुमन!’ लग्नानंतरची पहिली नावानं हाक. आईनं हे इतक्या वेळा सांगितलंय की ती हाक मला ऐकू येते.

पुढे ते दोघं पुण्याला परतले; बऱ्याच वर्षांनी मीही त्सुकुबालाच नोकरीला आले आणि तशीच हातोहात आलेली जुनी गाडी चालवू लागले. मग भूकंप झाला. ते कोळ्यांचं गाव त्सुनामीच्या लाटेत गेलं. त्यानंतर दोनेक वर्षांनी पुण्यात बाबा गेले. त्यांच्या अस्थी आम्ही नाशिकला गोदावरीत सोडल्या, पण आईनं थोड्या मागे ठेवल्या, लहानशा स्टीलच्या डब्यात. तो डबा घेऊन ती माझ्याकडे आली. म्हणाली, ‘त्याच रस्त्यानं जाऊ. थोडे तिथंही असू देत ते.’

त्याच रस्त्यानं जाता आलं नाही. भूकंपात बिघडलेल्या अणुभट्टीजवळचा भाग बंद होता, आतल्या बाजूनं वळसा घ्यावा लागला. आई तरीही खुशीत होती. गावात पोचेपर्यंत. सपाट माती, ट्रक, आणि समुद्राच्या आड बांधत आणलेली सिमेंटची उंच भिंत. त्या भिंतीच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना जमणाऱ्या नव्हत्या. ती गाडीतच बसली. तिथून तिला पाणी दिसतही नव्हतं. ‘तूच सोड,’ म्हणाली.

भिंतीपलीकडे माणसं होती. पायात रबरी बूट, हातात दंताळी. वाळू उकरत होती, चाळत होती. त्यांची माणसं अजून सापडली नव्हती — निदान एखादं हाड मिळावं म्हणून ती एवढा काळ लोटला तरी वाळू चाळत होती. एक म्हातारे गृहस्थ मला पाहून वाकले, आणि हातमोज्यांची जादा जोडी पुढे करत म्हणाले, ‘तुमचंही कुणी आहे का इथं?’ आणि माझ्या जाकिटात डबा. डब्यात हाडं. काय सांगणार होते मी?

डबा उघडला नाही. इथवर तुम्ही मला दोष देणार नाही, माहीत आहे मला. मीही दिला नाही. पण वर येऊन आईला हे सांगायला काय झालं होतं? तिला कळलं असतं. पुढच्या किनाऱ्याला जाऊ म्हणाली असती, नाहीतर डबा परत नाशिकला नेते म्हणाली असती. पण मी दमले होते. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जायचं होतं — हो, एवढंच.

‘झालं?’ तिनं विचारलं. ‘झालं,’ म्हटलं. ‘नीट गेले ना?’ मी म्हटलं, लाट आली आणि घेऊन गेली. त्या गावात उभं राहून हे बोलले मी. तिनं भिंतीकडे तोंड करून हात जोडले.

डबा तिच्या नकळत डिकीत, स्टेपनीच्या खळग्यात सरकवला. ती परत गेली की दुसऱ्या कुठल्या तरी समुद्रात सोडेन, असं ठरवलं होतं. ती गेली. मग थंडी आली, कामं आली, मुलीचं आजारपण आलं. गाडीची सरकारी तपासणी आली, त्यात ती पास होईना, आणि कुणाला द्यावी अशीही राहिली नव्हती. मोडीत काढली. डिकीतून छत्र्या काढल्या, मुलीचा चेंडू काढला. माणूस आला, गाडी ओढून घेऊन गेला. मी वाकून त्याचे आभार मानले.

विसरले. नुसती विसरले. भीती, राग, काहीतरी मोठं कारण असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. छत्र्या आठवल्या मला, बाप आठवला नाही.

आठवला तो बऱ्याच दिवसांनी. आई फोनवर सहज म्हणाली, ‘आत्ता भरती असेल का गं तिथं?’ तिचा फोन ठेवला. भंगारवाल्याला फोन केला. गाडी दाबून झाली होती. त्यानं अदबीनं माफी मागितली आणि विचारलं, आत काही महत्त्वाचं राहिलं होतं का?

मी म्हटलं, नाही, विशेष काही नाही.

त्यानंतर आई बरीच वर्षं जगली. येईल-जाईल त्याला सांगायची, आमचे हे निम्मे जपानच्या समुद्रात आहेत. शेवटच्या दुखण्यात मी पुण्यात तिच्या उशाशी होते. माझा हात धरून म्हणाली, ‘माझं सगळं तिथंच सोड. नाशिकला नको, थोडंसुद्धा नको. ते हाक मारतील मला.’ एकच वाक्य होतं बोलायचं. तोंडाळ बाई ना मी? ‘बरं,’ म्हणाले.

गेल्या वर्षी तिच्या अस्थी घेऊन, भाड्याच्या गाडीनं एकटीच तिथं गेले. भिंत आता पुरी झालीय. वाळूत कुणी नव्हतं. तिनं सांगितलं होतं तसं सगळं सोडलं. लाट आली आणि घेऊन गेली, या वेळी खरंच.

खरं सांगितलं असतं, तर ती आज गोदावरीत बाबांपाशी असती. आता ती त्या थंड पाण्यात आहे. तिथं तिला नावानं हाक मारणारं कुणी नाही.