"सिस्टर, घरी न्याचं का?"

आमच्या आयसीयूत डॉक्टर तेलुगूत बोलतात आणि सीमेलगतच्या भीमपूरकडची माणसं मराठीत रडतात. मधल्या मधे मी. पेशंट हाताबाहेर गेला की डॉक्टर माझ्याकडे बघून नुसती मान हलवतात. दाराबाहेर जाऊन सांगायचं काम माझं. आमच्या गावांत माणसाचा जीव घरीच जावा, शेवटचं पाणी घरच्यांच्या हातून मिळावं, असं मानतात. म्हणून नातेवाईक एकच विचारतात, "सिस्टर, घरी न्याचं का?" मी "न्या" म्हटलं की बायका तिथेच फरशीवर बसतात.

सुरुवातीला मीही त्यांच्याजवळ बसायची. मग उभ्यानेच सांगू लागले. पुढे पुढे सांगतानाही डोक्यात दुसऱ्याच बेडचं सलाईन असायचं. घरी नवरा काही बोलला तर चीड यायची, नाही बोलला तरी यायची. रडू मात्र येईना. हेड सिस्टरकडे कितीदा तरी वॉर्ड बदलून मागितला. "मग मराठीवाल्यांशी कोण बोलणार?" हे तिचं ठरलेलं उत्तर. मायबोली अशी गळ्यात पडेल असं वाटलं नव्हतं.

मला घाई होती ती आईमुळे. तिचा दमा वाढत चालला होता. ती जाईल तेव्हा मी तिची लेक असावं, सिस्टर नसावं, एवढंच मला हवं होतं.

वॉर्ड काही बदलला नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत भावाने आईला आमच्याच आयसीयूत आणलं. एका दुपारी डॉक्टरांनी तिच्या बेडपाशी मान हलवली. मी सवयीने दार उघडून बाहेर गेले. भाऊ उठून उभा राहिला.

"ताई, घरी न्याचं का?"

"न्या."

तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. "काऊन असी बोलून राह्यली? आपली माय हाय ना ते."

मी स्ट्रेचर मागवलं.

अँब्युलन्समध्ये आईच्या उशाशी बसले. नजर ऑक्सिजनच्या काट्यावर होती. आईने मास्क थोडा सरकवला.

"माह्याकडं पाह्य ना, बाई."

मी पाहिलं. ओठ निळे पडले होते. मास्क नीट बसवला आणि नाडी बघायला तिचं मनगट हातात घेतलं. तिला वाटलं, मी तिचा हात धरलाय. तिने दुसरा हात माझ्या हातावर ठेवला आणि डोळे मिटले. मी ठोके मोजत राहिले.