कंपनी कोणाच्या बापाची

अक्कांना कोणी हिणवलं की त्या तिथल्या तिथे भांडत नसत. मनात धरून ठेवत आणि सावकाश उट्टं काढत. शेअर घ्यायचा नादही त्यांना असाच लागला.

खतासाठी लागणारं पोटॅश जिथे खणून काढतात, त्या खाणीवर अक्का दिव्यांच्या खोलीत कामाला होत्या. कितीही झाडलं तरी फळ्यांवर गुलाबी धूळ बसायची. खाली उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला अक्कांच्या हातात द्यायचा आणि दिवा घ्यायचा. वर आल्यावर दिवा द्यायचा आणि बिल्ला घ्यायचा. खिळ्यावर बिल्ला लटकत राहिला तर माणूस अजून खाली आहे. एकदा सुरुंग उडवायची वेळ झाली आणि लांब्या म्हणून एका कामगाराचा बिल्ला खिळ्यावर तसाच. अक्कांनी सुरुंगाचा इशारा देणारा भोंगा वाजवू दिला नाही. नवा साहेब तावातावाने आला.

"एका माणसासाठी सगळ्यांना किती वेळ थांबवायचं? बिल्ला न्यायला विसरला असेल तो. कंपनी काय तुझ्या बापाची आहे?"

लांब्या खालीच सापडला, पाय अडकून बसलेला. साहेबाने माफी मागितली नाही. साहेब लोकांना ती सवय नसते. बोनस हातात पडताच अक्का तडक शेअर दलालाकडे गेल्या आणि त्याच कंपनीचे शेअर घेऊन आल्या. बापाची नसेना का, थोडीशी आपली तरी झाली.

पुढे दर बोनसला तेच. शेजारणींकडे फ्रिज आले, सोफे आले, अक्कांकडे शेअर. "अगं, खतात पैसे पेरून काही उगवत नसतं," नवरा चिडवायचा. तो गेल्यावर हात आखडला, पण अक्कांनी एकही शेअर विकला नाही. खताचे भाव चढले, कोसळले, अक्का ढिम्म. पैसे चार ठिकाणी विभागून ठेवा, असं दलालाने सुचवलं, तर म्हणाल्या, "चार ठिकाणी पाहुणी होण्यापेक्षा एका ठिकाणी मालकीण बरी."

आणि आता त्या मालकीवरच घाला आला. एका बड्या कंपनीला खाण सगळीच्या सगळी हवी होती. लहान भागधारकांनी ठरलेला भाव घ्यायचा आणि वाट धरायची. त्यासाठी सभेत त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांचा होकार हवा होता. शेअर कोणाकडे किती, हे बघायचं नाही, नुसती डोकी मोजायची. होकार मिळाला की उरलेल्यांनाही, मनात असो वा नसो, विकावंच लागणार.

अक्कांचा मुलगा कंपनीच्याच हिशेब खात्यात होता. त्याच्याकडेही थोडे शेअर होते. त्याने आईच्या मागे टुमणं लावलं. "आई, भाव बरा मिळतोय. हो म्हण आणि मोकळी हो."

"मला कोणी बांधून ठेवलंय?" अक्का म्हणाल्या.

सभेच्या दिवशी हॉलबाहेरच्या टेबलावर प्रत्येकाला नाव घातलेलं मतदानाचं कार्ड मिळत होतं. कोण कोण येतंय ते बघत अक्का दाराशीच उभ्या राहिल्या. निवृत्त खाणकामगार एकामागून एक आले, टेबलावरून कार्ड उचललं, अक्कांसमोरून जाताना त्यांच्या हातात ठेवलं आणि आत जाऊन बसले. अक्कांनीही ती मुकाट्याने घेतली. उभी हयात ज्यांनी दारातल्या बाईला बिल्ला दिला, ते दुसरं काय करणार? मुलाने मात्र समजून उमजून दिलं. "माझंही तुझ्याकडेच ठेव," म्हणाला. मतच दिलं नाही की आईही रागवायला नको आणि साहेबही.

व्यासपीठावर तोच साहेब, आता अध्यक्ष झालेला. ठराव वाचून झाला, कार्डं वर करा म्हणाला, आणि अर्धा हॉल खिसे चाचपू लागला. गठ्ठा अक्कांच्या मांडीवर.

"ही कार्डं बाद धरावी लागतील," सचिव म्हणाला.

"बाद कशी? माणसं इथेच बसली आहेत." अक्का उठून दाराशी गेल्या. "मिस्त्री. खोकल्या. डावरे." एकेक जण उठून आपलं कार्ड घ्यायला येऊ लागला. कोणाचा गुडघा धरलेला, कोणाला चष्मा सापडत नव्हता.

साहेबाने घड्याळ पाहिलं. "बाई, एकेका माणसासाठी सगळ्यांना किती वेळ थांबवायचं?"

बोलून गेला आणि फसला. रांगेत लांब्या होता. घरून निघताना तो बायकोला सांगून आला होता की पैसे घेऊन मोकळा होतो. तो जागीच थांबला.

"साहेब, हे तुम्ही मागेही म्हणाला होतात," तो म्हणाला. "मी तेव्हा खाली होतो."

अक्कांनी त्याचं कार्ड त्याच्या हातात ठेवलं, मग मागच्यांची दिली. हातात एकच कार्ड उरलं होतं.

"एक राहिलंय," त्या म्हणाल्या. "ते नेल्याशिवाय मी बसणार नाही."

मुलगा मागच्या रांगेतून उठला, मान खाली घालून आला, कार्ड घेतलं. साहेबाने पुन्हा मत मागितलं तेव्हा आईदेखत त्याने ते ठरावाच्या बाजूने वर केलं. त्याच्या आजूबाजूला मोजकेच हात वर होते. ठराव पडला.

सभा संपल्यावर मायलेक घरी निघाले.

"उद्या भाव आपटणार," मुलगा म्हणाला.

"आपटू दे. तुला विकायचे असतील तर मला वीक. आजच्या भावाने घेईन." मग म्हणाल्या, "तोंडावर विरोध केलास ते बरं केलंस. लपून बसला होतास, त्याचा राग आला होता."

"तुझं ठीक आहे गं. उद्या साहेब मला बोलावून झाडेल. म्हणेल, तुझी आई सभा अडवून बसते, कंपनी काय तुझ्या बापाची आहे?"

"मग सांग त्याला," अक्का म्हणाल्या. "बापाची नाही. आईची आहे."